अधू डोळे, अचूक कात्री

जून महिन्याचा मध्य. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या गोडाल्मिंग गावाजवळ एका बागेत वाटेच्या कडेने कॅटमिंट नावाचे बुटके झुडूप पसरले आहे. करड्या पानांवर जांभळट निळ्या तुऱ्यांचा नुसता पूर आलेला. मधमाश्यांची गडबड चालू आहे. आणि अशा ऐन बहरात जाड चष्म्याची, स्थूल बांध्याची, पायात लष्करी धाटणीचे बूट घातलेली एक प्रौढ बाई ते झुडूप अर्ध्यावर छाटून घेते. फुलांसकट.

पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटावा. पण बाईंचा हिशेब ऑगस्टचा असे. छाटलेल्या झुडपाला लगेच बगलेतून नवे फुटवे येत आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा इतर पुष्कळ बागा थकून पिवळ्या पडलेल्या असत, तेव्हा इथले कॅटमिंट दुसऱ्यांदा फुललेले असे. या बाई म्हणजे गर्ट्रूड जीकल. विसाव्या शतकातली घराभोवतीची बाग कशी असावी, याची कल्पना जगभर ज्या मोजक्या माणसांनी घडवली त्यांच्यात त्यांचे नाव फार वरचे आहे. सुमारे चारशे बागांचे आराखडे, डझनाहून अधिक पुस्तके आणि हजारावर लेख त्यांच्या नावावर आहेत. यातले बहुतेक सारे काम वयाच्या पंचेचाळिशीनंतरचे, आणि तेही डोळ्यांनी दगा दिल्यानंतरचे.

आडनावावरून वाचकाला डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड आठवले असतील, तर तेही बरोबरच आहे. गर्ट्रूड यांचा धाकटा भाऊ वॉल्टर हा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा मित्र. १८८६ साली आलेल्या त्या गाजलेल्या कथेतल्या डॉक्टरला स्टीव्हन्सन यांनी मित्राचे आडनाव दिले, असे मानले जाते. घराण्यात मात्र आडनावाचा उच्चार जेकिल नव्हे, जीकल असा होई.

गर्ट्रूडचा जन्म २९ नोव्हेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सैन्यातले निवृत्त कॅप्टन, घर खाऊनपिऊन सुखी. सात भावंडांत ती पाचवी. ती पाच वर्षांची असताना कुटुंब सरेमधल्या ब्रॅम्ली गावी राहायला गेले. तिथल्या खोलगट गल्ल्या, कुंपणाची रानफुले, ओढे आणि सुतार-लोहारांची दुकाने हीच तिची खरी शाळा. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा: मूल दिवसचे दिवस उघड्यावर हुंदडत होते.

१८६१ साली, सतराव्या वर्षी, तिने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या सरकारी कलाशाळेत नाव घातले. त्या काळच्या सुखवस्तू घरातल्या मुलीने चित्रकला छंद म्हणून करावी हे ठीक, पण शाळेत जाऊन शिस्तीने शिकावी हे फारसे रूढ नव्हते. तिला चित्रकार व्हायचे होते. नॅशनल गॅलरीत बसून ती टर्नरच्या चित्रांच्या नकला करी. त्याच सुमारास मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा रंगविचार युरोपभर गाजत होता. शेव्हरल पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. गालिच्यातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी शोध घेतला, तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्याच्या रंगात होता. रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासह दिसतो, हा धडा गर्ट्रूड यांनी जन्मभर वापरला.

१८६३ मध्ये त्या पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटन आणि त्यांची चित्रकार पत्नी मेरी यांच्याबरोबर तुर्कस्तान, ऱ्होड्स बेट आणि अथेन्स पाहून आल्या. रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या ओळखी झाल्या. चित्रकलेच्या जोडीने भरतकाम, चांदीवरचे ठोकीव काम, लाकडावरचे कोरीवकाम, मुलामा देणे असे एकेक कसब हातात येत गेले. त्यांच्या भरतकामाला मोठ्या घरांतून मागणी होती. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या ईटन हॉल या वाड्यातल्या सजावटीचे कामही त्यांच्याकडे आले. लग्न केले नाही. हाताला काम आणि डोक्याला विषय असलेली, स्वतःच्या पायावर उभी बाई, असे त्यांचे आयुष्य चालले होते.

आणि डोळे मात्र हळूहळू हातातून निसटत होते.

गर्ट्रूड यांना लहानपणापासून जवळचेच नीट दिसे. ऱ्हस्वदृष्टी, म्हणजे ज्याला आपण मायनस नंबर म्हणतो, तो विकार. साध्या ऱ्हस्वदृष्टीत नंबर वाढत्या वयात वाढतो आणि विशी-पंचविशीच्या आसपास स्थिरावतो. त्यांचा स्थिरावलाच नाही. डोळे दुखत, थकत, आणि चाळिशी ओलांडल्यावर बारीक कामाने त्रास असह्य होऊ लागला.

हे का होते, ते थोडक्यात पाहू. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो जास्त लांब वाढला की बाहेरून येणारे किरण पडद्यापर्यंत पोहोचण्याआधीच एकत्र येतात आणि लांबचे धूसर दिसते. एका मिलिमीटरची वाढ म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर. पाच-सहा मिलिमीटर जास्त वाढलेल्या डोळ्यात भिंग पुरेसे जाड लावले तरी प्रश्न संपत नाही, कारण आतला पडदा म्हणजे रेटिना ताणून पातळ झालेला असतो. फुगवलेल्या फुग्याचे रबर जसे विरळ होते, तसा. असा पडदा झिजतो, त्याला छिद्र पडू शकते आणि छिद्रातून पाणी मागे शिरले की तो सुटून येतो.

१८९१ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, गर्ट्रूड जर्मनीत वीसबाडेन इथे गेल्या. तिथले नेत्ररुग्णालय अलेक्झांडर पागेनश्टेखर यांनी १८५६ मध्ये सुरू केले होते. त्यांच्यामागे धाकटे भाऊ हर्मान ते चालवत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी हर्मान यांचे नाव युरोपभर झालेले होते, आणि राजघराण्यांपासून गरिबांपर्यंत रोगी त्यांच्याकडे येत. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन चाळीस वर्षांपूर्वीच हेल्महोल्ट्झ यांनी दिले होते, त्यामुळे ताणलेला पडदा त्यांना दिसला असणारच. उपाय नव्हता. आहे ती दृष्टी जपा, चित्रकला आणि भरतकाम सोडा, असे त्यांनी सांगितले.

तीस वर्षे ज्याच्यासाठी घालवली ते एका भेटीत संपले. या निर्णयाचे दुःख गर्ट्रूड यांनी नंतरही लपवले नाही. चित्रकार होता आले नाही ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती.

डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता का? आजच्या ज्ञानाने तपासले तर तो अर्धा बरोबर ठरतो. वापरल्याने डोळे संपत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी टाका घातला म्हणून डोळा आणखी लांबत नाही, आणि आजचा नेत्रतज्ज्ञ अशा रुग्णाला कला सोडायला सांगणार नाही. तो योग्य भिंगे देईल, पडदा नियमित तपासेल, छिद्र दिसले तर लेसरने त्याच्या कडा बसवून टाकेल. पण पागेनश्टेखर यांच्या हातात यातले काय होते? सुटलेला पडदा छिद्र बंद करून पुन्हा बसवता येतो, हे लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात पटवून दिले. त्याआधी पडदा सुटणे म्हणजे बहुधा कायमचे अंधत्व. अशा वेळी सावध डॉक्टर रुग्णाला सुईपासून दूर करील, यात नवल नाही. शिवाय दुखणे थांबले, हा फायदा काही थोडा नव्हता.

आता ब्रॅम्लीच्या गल्ल्यांकडे परत येऊ. मुलांनी दिवसाच्या उजेडात बाहेर खेळले तर ऱ्हस्वदृष्टी सुरू होण्याचे प्रमाण कमी होते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवून दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली, तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फरक खरा आहे, पण बाहेर खेळूनही तीस टक्के मुलांना चष्मा लागलाच, हेही त्याच आकड्यात आहे. गर्ट्रूडचे बालपण रानात गेले तरी तिचे डोळे वाचले नाहीत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तेव्हा मुलाला मोठा नंबर लागला की आईबापांनी एकमेकांवर किंवा मोबाइलवर सगळे खापर फोडण्यात अर्थ नाही. मुलाला बाहेर जरूर पाठवावे आणि दरवर्षी डोळेही तपासावेत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. ज्यांचा नंबर उणे सहाच्या पलीकडे आहे, त्यांनी अचानक काजवे चमकल्यासारखे दिसले, डोळ्यापुढे काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर उद्यावर टाकू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेसर शस्त्रक्रियेने चष्मा गेलेल्यांनाही हे लागू आहे, कारण त्या शस्त्रक्रियेने पुढचा काचेसारखा भाग बदलतो, मागचा ताणलेला पडदा आहे तसाच राहतो.

गर्ट्रूड वीसबाडेनहून परतल्या तेव्हा त्यांच्यापाशी बाग होतीच. वडिलांच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये आईसह त्या गोडाल्मिंगजवळच्या मनस्टेड इथे राहायला आल्या होत्या. विल्यम रॉबिन्सन यांच्या बागकामाच्या साप्ताहिकात त्या लिहीत होत्या. रस्त्यापलीकडची पंधरा एकरांची रेताड जमीन घेऊन ठेवली होती. १८८५ पासून कॅमेरा हातात होता आणि काचा त्या स्वतःच धूत. म्हणजे डोळे गेले आणि मग बाग सुचली, अशी गोष्ट सांगायला सोपी असली तरी ती खरी नाही. झाले ते एवढेच, की बाकीच्या फांद्या कापल्या गेल्यावर सारा जोर या एका फांदीत आला.

मनस्टेड वुड या त्यांच्या बागेतला फुलांचा मुख्य पट्टा २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. मागे ११ फूट उंच भिंत. दोन्ही टोकांना करडी पाने, मग निळे, पांढरे, फिके पिवळे, पुढे गडद पिवळे, नारिंगी आणि बरोबर मध्यावर तांबडे. तिथून रंग पुन्हा उतरत दुसऱ्या टोकाच्या जांभळ्याकडे जात. झाडे ठिपक्याठिपक्यांनी न लावता लांबट, तिरक्या पट्ट्यांनी लावलेली, म्हणजे एका झाडाचा बहर संपला तर मोठे भगदाड दिसत नसे.

त्यांना धूसर दिसे म्हणून त्यांनी असे रंगांचे ढग लावले, असे पुष्कळांनी लिहिले आहे. कल्पना आकर्षक आहे. पण चष्मा लावून त्या पुरेसे पाहत, टर्नर त्यांनी डोळे बरे असताना गिरवला होता, आणि शेव्हरल पाठ होता. जगात ऱ्हस्वदृष्टीची माणसे कोट्यवधी आहेत, जीकल एकच झाल्या. आजाराला प्रतिभेचे श्रेय देण्याची ही सवय वैद्यकीय चरित्रांनी सोडून द्यावी.

डोळा कसा चालतो, याची त्यांची समज मात्र विलक्षण होती. १९०८ च्या आपल्या रंगविषयक पुस्तकात त्यांनी रंगवार बागांची एक मालिका मांडली आहे. नारिंगी बागेतून माणसाने थेट करड्या बागेत यावे, असा तिचा क्रम. तांबड्या-नारिंगी रंगाकडे काही वेळ पाहिले की डोळ्याच्या पडद्यातल्या त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी मंदावतात. मग समोर फिके निळे-जांभळे आले की ते आहे त्याहून कितीतरी तेजस्वी भासते. पाहुण्याच्या रेटिनाची अशी पूर्वतयारी करून त्याला पुढच्या बागेत सोडण्याचा हा बेत होता.

त्या करड्या बागेचा ऐन भर ऑगस्टात हवा होता, आणि कॅटमिंट तर जूनमध्ये फुलून मोकळे होते. म्हणून ती कात्री.

कॅटमिंट हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातले. चिरडले की वास सुटतो आणि त्या वासाने मांजरे बेभान होतात, म्हणून हे नाव. बहुवर्षायू, गुडघ्याच्याही खाली राहणारे, जमीन झाकत पसरणारे. आपल्याकडे तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की रोप डेरेदार होते, हे घरातल्या आजीला कोणी शिकवावे लागत नाही. मनस्टेडमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि तारीख धरून होई. पहिला बहर ओसरण्याची वाट न पाहता जूनच्या मध्यापर्यंत झुडूप निम्मे उतरवायचे. फुले अजून ताजी असताना त्यांच्यावर कात्री चालवायला जीव घट्ट करावा लागतो, आणि हौशी माणसाचे बहुधा तिथेच चुकते. तो शेवटचे फूल वाळेपर्यंत थांबतो. तोवर झाड बी धरायला लागलेले असते.

बी धरणे हाच बहुतेक फुलझाडांच्या दृष्टीने बहराचा शेवट. भरू लागलेले बी साखर आणि इतर अन्न स्वतःकडे ओढते, आणि वाढणाऱ्या फळाकडून निघणारे रासायनिक निरोप नव्या कळ्यांना थोपवतात. वाळकी फुले वेळीच खुडली की हा अडथळा जातो.

दुसरी गोष्ट शेंड्याची. प्रत्येक पानाच्या बगलेत एक निजलेली कळी असते. उसाच्या कांड्यावर, बटाट्यावर किंवा गुलाबाच्या फांदीवर जिला आपण डोळा म्हणतो, तीच. हे डोळे उघडत नाहीत, कारण वरचा शेंडा ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार करून खाली पाठवत असतो आणि त्याच्या प्रवाहात बाजूच्या कळ्यांची वाढ अडते. शेंडा कापला की प्रवाह तुटतो, साखर बगलेतल्या कळ्यांकडे वळते, मुळांकडून आणि खोडातून येणारे सायटोकायनिन त्यांना चालना देते आणि डोळे फुटतात. एका तुऱ्याच्या जागी दोन किंवा अधिक तुरे येतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो, इथपर्यंत माग काढला होता. शेंड्यातले ऑक्सिनच बगलेतल्या कळ्यांना रोखते, हे केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांवर प्रयोग करून १९३३ मध्ये दाखवले. त्या कटातले आणखी एक संप्रेरक, स्ट्रायगोलॅक्टोन, ओळखू यायला २००८ साल उजाडले. जीकलबाई १९३२ मध्येच वारल्या होत्या. त्यांना ऑक्सिनचे नाव घेण्याची गरज कधी पडली नाही.

त्यांची आणखी एक युक्ती याच शास्त्राची. पट्ट्याच्या मागच्या बाजूला उंच वाढणारे बहुवर्षायू सूर्यफूल असे. त्याचे खोड त्या पुढे वाकवून पुढच्या झाडांवर आडवे बांधून टाकत. खोड आडवे झाले की शेंड्याची हुकमत ढिली पडते. मग पानापानाच्या बगलेतून उभी फुले येत आणि दहा फुटांवर एक झुपका मिळण्याऐवजी पुढच्या मोकळ्या जागेवर फुलांचे पांघरूण पडे.

जे झाड दुसऱ्यांदा फुलणारच नाही, त्याला कात्रीचा उपयोग नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. डेल्फिनियमचा बहर सरला की त्याच्या वाळक्या दांड्यांवर मागे लावलेली वाटाण्याच्या कुळातली पांढऱ्या फुलांची वेल ओढून घ्यायची. ती संपली की तिच्यावर क्लेमॅटिस, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मोरवेलीची नातलग. जिप्सोफिला तपकिरी पडला की त्याच्यावर नस्टर्शियमची वेल सोडायची. आणि तरीही जागा उरली, तर कुंडीतल्या हायड्रेंजिया आणि लिली आणून ठेवायच्या. घर चालवणारी बाई उरल्यासुरल्यातून जशी पंगत साजरी करते, त्यातलाच हा प्रकार.

गच्चीत किंवा अंगणात करून पाहायचे असेल तर जमिनीलगत पसरणारी व्हर्बिना किंवा जांभळी पसरती लँटाना घ्यावी. पहिला भर ओसरू लागताच झुडपाचा वरचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग उतरवावा. कात्री धारदार आणि पुसलेली हवी. खाली हिरवी पाने राहिली पाहिजेत, कारण नवे फुटवे त्याच पानांच्या अन्नावर येणार. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापू नये. कापल्यावर पाणी आणि थोडे खत द्यावे. चैत्र-वैशाखाच्या भाजणाऱ्या उन्हात हा खेळ करू नये. निशिगंध, लिली अशा कंदवर्गीय झाडांचा वाळका दांडा काढावा, पाने मात्र पिवळी पडेपर्यंत ठेवावीत. कंद त्याच पानांवर पोसला जातो.

१८८९ च्या मे महिन्यात एका चहापानाला त्यांची एडविन ल्युटेन्सशी गाठ पडली. तो वीस वर्षांचा होतकरू वास्तुशिल्पी, त्या पंचेचाळीस वर्षांच्या. घोडागाडीतून दोघे सरेची जुनी घरे पाहत हिंडले. तो त्यांना लाडाने आंट बम्प्स म्हणे. १८९७ मध्ये त्याने बांधलेल्या मनस्टेड वुडच्या घरात त्या राहायला गेल्या, आणि त्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने व्हिक्टोरिया पदक सुरू केले. पहिल्या साठ मानकऱ्यांत फक्त दोन स्त्रिया होत्या, त्यांतल्या त्या एक. पुढे ज्या ल्युटेन्सनी नवी दिल्ली आणि आजचे राष्ट्रपती भवन आखले, ते बागेकडे पाहायला शिकले ते याच बाईंच्या सोबतीत. दोघांनी मिळून कितीतरी घरे-बागा उभ्या केल्या. त्यांतली सॉमरसेटमधली हेस्टरकूम आजही पाहता येते.

पहिले पुस्तक १८९९ साली आले, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतः काढलेल्या छायाचित्रांसह. मग जवळजवळ दरवर्षी एक. कान आणि नाक यांचा उपयोग त्या डोळ्यांइतकाच करीत. वाऱ्यात पाने कशी वाजतात त्यावरून झाड ओळखता येते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. डोळ्यांची उणीव भरून काढण्यासाठी कान आपोआप तीक्ष्ण होतात असे नव्हे. माणूस त्यांच्याकडे लक्ष द्यायला शिकतो.

पहिल्या महायुद्धानंतर एक वेगळे काम आले. फ्रान्समधल्या सैनिकांच्या दफनभूमींचे काम ल्युटेन्सकडे होते. त्यांतल्या काहींच्या लागवडीचे आराखडे पंचाहत्तरीच्या जीकलबाईंनी करून दिले. ओळीने उभ्या दगडांच्या पायथ्याशी फुले हवीत, पण दगडावरचे नाव झाकले जाता कामा नये. म्हणून जमिनीलगतची, बुटकी, बहुवर्षायू झाडे. दूरवरून आलेल्या आईला आपल्या मुलाचे नाव वाकून शोधावे लागू नये, याची काळजी अक्षर वाचायला स्वतःला कष्ट पडणाऱ्या बाईने घेतली.

१९२० साली ल्युटेन्सच्या आग्रहावरून चित्रकार विल्यम निकल्सन त्यांचे चित्र काढायला आले. दिवसाचा उजेड बसून वाया घालवायला बाई तयार नव्हत्या. संध्याकाळ झाल्यावर बसेन, म्हणाल्या. मग दिवसभर करायचे काय, म्हणून निकल्सन यांनी त्यांचे झिजलेले बूट रंगवले. बोटाच्या जागी फाटून तोंड वासलेले ते बूट लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत, आणि मूळ चित्राइतकेच प्रसिद्ध आहेत.

अखेरच्या वर्षांत त्यांचा प्रवास थांबला. गिऱ्हाइके जागेचा नकाशा आणि मातीचा नमुना टपालाने पाठवत, त्या आराखडा करून परत पाठवत. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमधली एक बाग त्यांनी अशीच न पाहता आखली. सोबत बहुधा मनस्टेडच्या रोपवाटिकेतली रोपेही जात, ज्यांची विक्री त्या स्वतः सांभाळत. आराखड्यांचे हे कागद पुढे बियाट्रिक्स फॅरंड या अमेरिकी उद्यानरचनाकार बाईंनी विकत घेतले, म्हणून वाचले. आज ते कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात आहेत.

८ डिसेंबर १९३२ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, मनस्टेड वुडमध्ये त्यांचे निधन झाले. भाऊ हर्बर्ट त्याच वर्षी, थोडे आधी गेला होता. बसब्रिजच्या चर्चच्या आवारातली त्यांची कबर ल्युटेन्सनी घडवली. तिच्यावर त्यांची ओळख कलावंत, माळी आणि कारागीर अशी तीन शब्दांत कोरली आहे. कलावंत हा शब्द सर्वांत आधी आहे. मनस्टेड वुडची बाग पुढे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. घर आणि भोवतालची मुख्य बाग २०२३ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने विकत घेतली.